डोके पुन्हा फुटते, पण जंतूचे काय?

चित्रकथांतल्या वुल्व्हरीनला गोळी लागो की तलवार, घटकाभरात जखम भरून येते. १९७४ साली अवतरलेल्या या वीरावर फिदा असलेली मुले एक पेच हमखास टाकतात: परग्रहावरून एखादा भयंकर जंतू आला, तर वुल्व्हरीन त्याला पुरून उरेल का? प्रश्न पोरकट वाटतो खरा. पण जखम भरून येणे आणि जंतूशी लढणे ही एकच शक्ती की दोन, हे त्यात दडलेले आहे.

चित्रकथेबाहेरचा वुल्व्हरीन बंगळुरात सांभाळला जातो. तिथल्या जीकेव्हीके आवारात इनस्टेम ही मूलपेशींवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीचा अभ्यास चालतो. लांबी जेमतेम नखाएवढी. दिसायला तिरळा, वागायला गरीब. पण डोके छाटले तर आठवड्या-दोन आठवड्यांत नवे डोके, मेंदू आणि डोळ्यांसकट! आणि कापलेल्या डोक्यालाही नवे धड फुटते. अंगभर विखुरलेल्या मूलपेशींची ही किमया.

जंतूंपुढेही हा गडी कच्चा नाही. फ्रान्समधील संशोधकांनी क्षयाच्या जंतूंसह माणसाला आजारी पाडणारे अनेक जिवाणू त्याला खाऊ घातले. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कृमीने ते काही दिवसांत निकालात काढले.

मग हरतो कुठे? अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पाळीव प्लॅनेरियांच्या अंगावरच्या नेहमीच्या जिवाणूंचा समतोल बिघडला. अंगावर व्रण उठले, आणि कापलेल्या तुकड्यांना नवे डोके फुटेना! २०१६ साली जाहीर झालेल्या या अभ्यासातली गंमत पुढेच आहे. जंतूविरुद्ध कृमीच्या शरीराने वाजवलेली धोक्याची घंटाच दुरुस्तीच्या आड येत होती. त्या घंटेचा एक दुवा तोडताच, जंतू अंगात असूनही डोके फुटले.

घरात मधुमेही माणसाच्या पायाची जखम चिघळलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. डॉक्टर आधी पू काढतात, मेलेले मांस काढून टाकतात. जखम भरण्याची गोष्ट त्यानंतरची. ‘आपोआप भरेल’ म्हणून थांबलेल्यांपैकी काहींना पाय गमवावा लागतो.

तेव्हा मुलांना सांगावे, की नुसत्या जखमा भरण्याच्या बळावर वुल्व्हरीनची खात्री देता येत नाही. मायकेल क्रायटन यांच्या १९६९ सालच्या ‘अँड्रोमेडा स्ट्रेन’ या कादंबरीत अवकाशातून आलेला जंतू एक अख्खे गाव मारतो. वाचतात दोघेच: एक आजारी म्हातारा आणि एक सतत रडणारे तान्हे बाळ. कारण एकाच्या रक्तातली आम्लता वाढलेली, दुसऱ्याची घटलेली, आणि जंतूला मधलीच मानवणारी. धडधाकट माणसे मात्र पटापट मेली.

खऱ्या आयुष्यात परग्रहावरचा जंतू अजून कुणाला सापडलेला नाही. शोध मात्र झाला आहे, आणि त्यात बंगळूरच पुढे होते. तिथे मुख्यालय असलेल्या इस्रोने २००५ साली हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा नळ्यांत भरून आणली. डॉ. जयंत नारळीकर या प्रयोगाच्या आघाडीवर होते. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत तपासणी झाली. २००९ साली जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. अतिनील किरणांना त्या नात्यातल्या जिवाणूंपेक्षा अधिक दाद देत नव्हत्या. पण त्या पृथ्वीबाहेरून आल्या असे इस्रोने म्हटले नाही. एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. हीच ‘आर्यभट्टाय’ पुढे जमिनीतही सापडली, सोयाबीनच्या मुळांशी. ती कुणाला मारत नव्हती, रोपाची वाढ करत होती.