पावावरचा कर गेला, डोक्यावरचं कर्ज राहिलं: केनियातलं आंदोलन आफ्रिकेबद्दल काय सांगतं?

२५ जून २०२४. केनियाची राजधानी नैरोबी. हजारो तरुण पोलिसांचं कडं तोडून थेट संसदेत घुसले. इमारतीच्या एका भागाला आग लागली. पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी आणि पुढच्या काही आठवड्यांत डझनावारी माणसं मारली गेली.

हे सगळं झालं एका कर विधेयकावरून. पण एवढा संताप फक्त करामुळे होता का?

विधेयकात काय होतं?

'फायनान्स बिल २०२४' मधून सरकारला सुमारे ३४६ अब्ज शिलिंग, म्हणजे अंदाजे २.७ अब्ज डॉलर, जास्तीचे उभे करायचे होते. त्यासाठी पावावर १६ टक्के व्हॅट, गाड्यांवर किमतीच्या २.५ टक्के वार्षिक कर, असे प्रस्ताव होते. सॅनिटरी पॅड आणि डायपरही महागण्याची चिन्हं होती.

तरुणांनी विधेयकातली कलमं सोप्या भाषेत टिकटॉक आणि एक्सवर समजावून सांगायला सुरुवात केली. खासदारांचे फोन नंबर व्हायरल झाले. सरकारने पावावरचा कर मागे घेतला, पण तोवर मागणी 'अख्खं विधेयकच रद्द करा' इथपर्यंत गेली होती. संसदेवरच्या मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सही करायला नकार दिला. जुलैमध्ये त्यांनी जवळपास सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं.

एवढे कर लावायची वेळ का आली?

उत्तर एका शब्दात: कर्ज. केनियावर तेव्हा सुमारे ८० अब्ज डॉलरचं कर्ज होतं. हे देशाच्या जीडीपीच्या जवळपास ७० टक्के. करातून मिळणाऱ्या दर १०० शिलिंगांपैकी साठेक शिलिंग कर्ज फेडण्यातच जातात, असं खुद्द रुटो यांनी सांगितलं होतं. उरलेल्या चाळिशीत शाळा, दवाखाने, पगार आणि रस्ते.

हे कर्ज सगळं उधळपट्टीत गेलं, असंही नाही. मोम्बासा ते नैरोबी ही नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. तिचा बराचसा पैसा चीनच्या एक्झिम बँकेकडून आला होता. रेल्वे उभी राहिली, पण हप्ते भरता येतील एवढं उत्पन्न तिच्यातून आलं नाही.

मग कर्ज इतकं जड का झालं?

पहिलं कारण व्याज. केनियाने २०१४ मध्ये जागतिक बाजारातून सुमारे ६.९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी पैसे घेतले. ते फेडायची वेळ आली तेव्हा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारने पुन्हा दीड अब्ज डॉलर उभे केले. यावेळी दर १० टक्क्यांच्या वर गेला. थोडक्यात, जुनं देणं भागवायला जास्त महागडं कर्ज.

दुसरं कारण चलन. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ११३ शिलिंग मोजावे लागत. जानेवारी २०२४ मध्ये हा दर १६० पर्यंत गेला. बरंचसं कर्ज परकीय चलनात आणि कर शिलिंगमध्ये. त्यामुळे एक डॉलरही नवा न घेता कर्जाचा बोजा वाढला. नंतर शिलिंग सावरला, पण धोका कायम आहे.

तिसरं कारण रेटिंग. विधेयक मागे घेतल्यावर जुलै २०२४ मध्ये मूडीजने केनियाचं पतमानांकन आणखी खाली आणलं. म्हणजे सरकारने लोकांचं ऐकलं, तर बाजाराने त्याचीच शिक्षा दिली.

फक्त केनियाच अडकलाय का?

नाही. झांबियाने नोव्हेंबर २०२०, घानाने डिसेंबर २०२२ आणि इथिओपियाने डिसेंबर २०२३ मध्ये हप्ते थकवले.

अशा देशांसाठी जी-२० ने २०२० मध्ये 'कॉमन फ्रेमवर्क' आणलं. सगळ्या सावकारांनी एकत्र बसून तोडगा काढायचा, ही कल्पना. पण आता सावकार एकाच गटातले नाहीत. चीन आहे, पाश्चात्त्य सरकारं आहेत आणि खासगी बाँडधारकही आहेत. आधी कुणी सोडायचं, यावरच गाडी अडते. झांबियाला सरकारांशी करार करायला जून २०२३ उजाडलं, बाँडधारकांशी २०२४.

मार्ग काय?

एक मार्ग आपसातल्या व्यापाराचा. आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर ५५ पैकी ५४ देशांच्या सह्या आहेत आणि जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. तरीही खंडाच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार १५ टक्क्यांच्या आसपासच. कोको, तांबं, कोबाल्ट कच्चं बाहेर जातं, खरा नफा प्रक्रियेत असतो आणि ती बहुतेक दुसरीकडे होते.

दुसरा मार्ग नियम बदलण्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीतल्या शिखर परिषदेत आफ्रिकन युनियनला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं. नियम ठरतात त्या टेबलावर खुर्ची मिळाली, पण व्याजदर त्याने कमी झालेले नाहीत.

आता पुढे काय?

डिसेंबर २०२४ मध्ये केनियात काही कर वेगळ्या कायद्यातून परत आले. २५ जून २०२५ ला, संसदेवरच्या मोर्चाच्या वर्षपूर्तीला, तरुण पुन्हा रस्त्यावर उतरले आणि पुन्हा जीव गेले.

आफ्रिकेतली निम्मी लोकसंख्या साधारण १९ वर्षांखालची आहे. आज फेडली जाणारी बरीचशी कर्जं घेतली गेली तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती, काही तर जन्मलीही नव्हती. हप्ते मात्र त्यांच्याच कमाईतून जाणार आहेत. त्यामुळे कर किती, यापेक्षा पैसे कुणी घेतले आणि गेले कुठे, हा प्रश्न नैरोबीतले तरुण विचारत आहेत. त्याचं उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी केनियातल्या सरकारची धाकधूक वाढणारच.