‘फोटोत काही आलं नाही’

डोक्याला मार लागला, दोन मिनिटं डोळ्यांपुढे अंधार आला, एक उलटी झाली. दवाखान्यात नेलं, मशीनमध्ये घालून फोटो काढला, फोटोत काही आलं नाही, पोरगी घरी आली. इथपर्यंतची हकिगत घरातलं प्रत्येक माणूस सांगतं. त्यानंतर चार महिने ती मुलगी रोज दुपारी डोकं धरून भिंतीशी बसते, ते मात्र कुणाच्या हकिगतीत येत नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं. फोटोत काही आलं नाही, म्हणजे काही नाही.

मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन जुन्या जालन्यातल्या वस्त्यांमध्ये बायका-मुलींबरोबर काम करते. कुंडलिकेच्या या काठाला स्टेशन, गांधी चमन, आणि त्यांच्या मागे पसरलेल्या दाट गल्ल्या. या गल्ल्यांतल्या पंधरा ते बावीस वयाच्या मुली ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत डोकेदुखी इतकी नेहमीची आहे की ती तक्रार वाटतच नाही. पण नीट बसून मागचं विचारलं, तर काही जणींच्या बाबतीत एक तारीख निघते. मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसली होती, गतिरोधकावर उडाली. नळ आला म्हणून हंडा घेऊन धावली, ओल्या ओट्यावर घसरली. आणि काहींच्या बाबतीत ‘दार लागलं’. आमच्या भागातल्या दारं-चौकटी फार मारकुट्या आहेत, असं केसपेपर वाचणाऱ्या कुणालाही वाटेल.

मैत्रिणींनो, आधी वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते पाहू, कारण तिथे या मुलींच्या बाजूने बरंच काही आहे. शुद्ध हरपलीच नाही, किंवा अर्ध्या तासाहून कमी वेळ हरपली, अशा माराला ‘सौम्य’ म्हणतात. हा शब्द मेंदूला तातडीचा धोका किती, हे सांगतो. पुढचा त्रास किती होईल, हे तो सांगत नाही. सीटी स्कॅन करतात तो रक्तस्राव किंवा हाड मोडलं आहे का हे पाहायला. तसं काही नसेल तर ती चांगलीच बातमी. पण मेंदूचं काम काही काळ विस्कटलं असेल, मानेचे स्नायू आवळले असतील, तर ते त्या फोटोत दिसत नाही. मार लागल्यापासून सात दिवसांत सुरू झालेली आणि तीन महिन्यांपुढे टिकलेली डोकेदुखी हा डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र नावाने नोंदलेला आजार आहे. त्याच्या जोडीला उजेड आणि आवाज सहन न होणं, चिडचिड, झोप बिघडणं, वाचलेलं लक्षात न राहणं हेही येतं.

बहुतेक मुलं महिनाभरात बरी होतात, हे खरं. पण कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ५ ते १८ वर्षांच्या ३,०६३ मुलामुलींचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनंतरही सुमारे ३० टक्के मुलांचा त्रास संपला नव्हता. कुणाचा त्रास लांबण्याची शक्यता जास्त? तेरा वर्षं किंवा त्याहून मोठ्यांचा, पूर्वी अर्धशिशी असलेल्यांचा, आधीही असा मार बसलेल्यांचा, आणि मुलींचा. म्हणजे ज्या वयात ‘आता नाटकं करायला लागली’ असं आपण म्हणतो, नेमक्या त्याच वयातल्या मुली.

आणखी एक गोष्ट. या विषयावरचं पुष्कळ संशोधन मैदानावरच्या डोक्यांवर झालं आहे. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंसाठी पहिला कायदा २००९ साली वॉशिंग्टन राज्यात झाला आणि पाच वर्षांत तो सगळ्या राज्यांत पोचला. मार बसलेल्या मुलाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा मैदानात उतरवायचं नाही. चांगलाच नियम आहे. पण घरात मार बसलेल्या मुलीला पुन्हा त्याच घरात उतरवू नये, असा नियम कोण करणार? त्याच अमेरिकेत २००३ साली ईव्ह व्हॅलेरा यांनी जोडीदाराची मारहाण सोसलेल्या ९९ स्त्रियांशी बोलून एक अभ्यास मांडला. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणींच्या मेंदूला मारहाणीत किमान एकदा इजा झालेली होती, निम्म्या जणींना एकाहून जास्त वेळा. मैदानावर निदान पंच असतो.

आपल्याकडे डोकं दुखणाऱ्या मुलीला काय सांगितलं जातं? मोबाइल कमी बघ. केस धुऊन बांधत जा. बाहेरचं लागलंय, उतारा करा. लग्न झालं की थांबेल. हा शेवटचा सल्ला मराठवाड्यात फार महाग पडतो. परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांत बालविवाहाचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, आणि ‘आजारी’ मुलगी शाळेतून काढायला तर निमित्तच मिळतं.

विश्रांतीचा प्रश्न याला जोडूनच आहे. पूर्वी डॉक्टर सांगत, अंधाऱ्या खोलीत पडून राहा. आता सांगतात, एक-दोन दिवस आराम पुरे, मग हळूहळू नेहमीच्या गोष्टी सुरू करा. थोडं चालणं, थोडं वाचन, त्रास वाढला की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. शाळाही आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. हे मुलीच्या आयुष्यात कसं बसवायचं? तिच्या वाट्याला दोनच टोकं येतात. एक तर विश्रांती नाहीच. जालन्याच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे जालनेकरांना सांगायला नको, आणि नळ आला की डोकं दुखणारीनेही हंडा उचलायचा असतो. नाही तर विश्रांतीच्या नावाखाली शाळा बंद, मैत्रिणी बंद, घरकाम मात्र चालू. मुलगा असेल तर त्याला क्लासला पाठवतात, डोकं दुखलं तर चहा करून देतात. तोही वेदनेतच असतो, त्याची वेदना खोटी नाही. रोलिंग मिलमध्ये डोक्याला लागूनही दुसऱ्या दिवशी पाळीवर जाणाऱ्या पोराची तर आणखीच परवड. पण त्याला निदान कुणी ‘नाटक’ म्हणत नाही.

गोळ्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. मेडिकलवरून सुटी गोळी आणायची, सकाळी एक, रात्री एक. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, किंवा १० दिवस मिश्र औषधांची गोळी, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळीनेच डोकेदुखी पक्की होऊ शकते. मुलीला हे कुणी सांगितलेलंच नसतं. ठरलेल्या वेळी झोप, वेळेवर जेवण आणि पुरेसं पाणी, मानेचे व्यायाम, अर्धशिशीसारखं दुखणं असेल तर त्यावरचं रोजचं औषध, यांचा अनेकींना उपयोग होतो. पण त्यासाठी डॉक्टरकडे पुन्हापुन्हा जावं लागतं. मेंदूविकारतज्ज्ञांसाठी इथून बहुतेक जणी साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरतात, घाटीत किंवा खासगीत. जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडते. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरती न होता दर महिन्याला दुखणारं डोकं तिच्यात बसत नाही.

(मार नवा असेल आणि पुन्हापुन्हा उलट्या, वाढती गुंगी, झटका, हातापायातली शक्ती जाणं, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, असं काही दिसलं तर कार्यकर्तीने चर्चा करत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावं.)

आता कायद्याकडे येते, कारण फोटो नॉर्मल आला या एका वाक्याने सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. मार कुणी दिला असेल, तर त्या रात्रीच्या प्रमाणपत्रावर ‘साधी दुखापत’ लिहिलं जातं. साधी दुखापत म्हणजे पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद, म्हणजे एक चिठ्ठी हातात घेऊन घरी. पण जबर दुखापत म्हणजे फक्त हाड मोडणं नव्हे. जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३२० मध्ये, २० दिवस तीव्र वेदना होत राहणं किंवा नेहमीची कामं करता न येणं, हेही जबर दुखापतीत धरलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ११६ मध्ये, ही मुदत १५ दिवसांवर आली आहे. जबर दुखापत करण्याचा गुन्हा दखलपात्र आहे. पंधरा दिवस शाळेत जाता आलं नाही, स्वयंपाक करता आला नाही, हे कायद्याला कळतं. पण प्रमाणपत्र पहिल्या रात्री लिहिलेलं असतं, आणि पंधरावा दिवस उजाडतो तेव्हा कुणीच नोंद करायला गेलेलं नसतं. म्हणून त्या मुलीला पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच रुग्णालयात न्यावं, त्रास केसपेपरवर लिहून घ्यावा, आणि तो कागद तपासी अधिकाऱ्याला लेखी अर्जासोबत द्यावा. न्यायालय मान्य करेलच असं नाही. पण कागदच नसेल तर मान्य करायला काही उरतच नाही. मारणारा बाप किंवा भाऊ असेल तरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लागू होतो, आणि त्यात औषधोपचाराचा खर्च मागता येतो. तो फक्त सुनांसाठी आहे हा समज संरक्षण अधिकाऱ्यांच्या दारातही भेटतो.

इथे आई अडवते, आणि तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ‘डोक्याचा त्रास आहे असं कागदावर आलं तर स्थळ येईल का?’ पुढे हाच कागद सासरचे लोक ‘डोक्यावर परिणाम झालेली दिली’ म्हणून वापरतील, ही भीती खरी आहे. अशा आरोपावर घटस्फोट मागितलेले आपण पाहिलेत. म्हणून नोंद करताना शब्द सांभाळायला हवेत. ‘डोक्याचा त्रास’, ‘मानसिक’ असं मोघम लिहू देऊ नये. अमुक तारखेला डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, असं लिहून घ्यावं. ही इजा आहे, वेड नव्हे, हे आईलाही त्याच शब्दांत सांगावं.

प्रत्येक डोकेदुखीमागे मार असतो असं मी म्हणत नाही. रक्त कमी असतं, चष्मा लागलेला असतो, काळजीनेही डोकं दुखतं. पण विचारल्याशिवाय कळणार कसं? शाळेत तपासणीला येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकांनी, मैत्री क्लिनिकांनी, आणि आपल्या सल्ला केंद्रांनी नोंदीच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवावेत. डोक्याला कधी मार लागला होता का, कधी, कशाने? आणि त्यानंतर काय बदललं? पहिला प्रश्न घरच्यांसमोर विचारू नये. ‘दार’ हे उत्तर घरच्यांसमोरच जास्त येतं.

रोजची नोंद ठेवायला वही लागत नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब लिहितो तसं, दुखलं त्या दिवशी एक फुली, गोळी घेतली तर गोल, शाळा किंवा काम बुडलं तर रेघ. डॉक्टरला, शाळेला आणि वेळ आली तर वकिलालाही हे पान दाखवता येतं. मात्र मारणारा त्याच घरात राहत असेल, तर ही दिनदर्शिका भिंतीवर नको. ती शेजारच्या मावशीकडे किंवा केंद्रात ठेवावी, आणि मुलीने आठवड्यातून एकदा येऊन तिथे खुणा कराव्यात.