रोषणाई सर्वांची, जोखीम कोणाची?

गेल्या दसऱ्याला आम्ही चार प्राध्यापक मित्र पाचगणीहून सांगली जिल्ह्यातील कवठे एकंद या गावी गेलो. पसरणीचा घाट उतरून सातारा, कऱ्हाडमार्गे तासगाव तालुक्यातील या गावी पोहोचेपर्यंत सोने लुटण्याची वेळ टळून गेली होती. परंतु तेथील खरा सोहळा रात्रीचाच. ग्रामदैवत सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यासमोर रात्रभर शोभेच्या दारूची आतषबाजी चालते. औट आकाशात फुटत होते, दारूची झाडे पेटत होती आणि गच्च्यांवर, भिंतींवर, रस्त्यांवर माणसे माना वर करून उभी होती. कोणापाशी तिकीट नव्हते. कोणी ते मागतही नव्हते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास अशा वेळी आपला वर्ग आठवावा, हे स्वाभाविकच. पॉल सॅम्युएलसन यांनी 1954 साली सार्वजनिक वस्तूंची कल्पना सूत्रबद्ध केली. आतषबाजी हे तिचे पाठ्यपुस्तकांतील एक नेहमीचे उदाहरण. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याची रोषणाई कमी होत नाही आणि आकाशाला कुंपण घालता येत नाही. म्हणून खर्च दुसऱ्याने करावा, अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि बाजाराच्या भरवशावर अशी वस्तू पुरेशी निर्माण होत नाही, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. कवठे एकंदने हे अनुमान खोटे ठरविले आहे. तेथील मंडळे पैसा उभा करतात, दारू स्वतः तयार करतात आणि एका रात्रीत ती सर्वांसाठी उडवितात. श्रद्धा, गावाचा अभिमान आणि मंडळामंडळांतील चढाओढ यांनी बाजाराची उणीव भरून काढली आहे.

मात्र एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. खर्च वाटून घेतला जातो, जोखीम वाटली जात नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण कुटणारे व भरणारे हात मोजक्यांचेच. एखादी ठिणगी किंवा जरासे अधिक घर्षणही त्यांच्या जिवावर बेतू शकते. 2015 च्या मे महिन्यात याच गावातील एका फटाका कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. पहाटे चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका तरुणाच्या मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग होता. त्याविषयी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘सर, देवाचं काम आहे, चालायचंच.’’ त्याच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागेल, की आम्ही रात्रभर फुकट पाहिलेल्या रोषणाईची किंमत त्याने आपल्या कातडीने चुकविली होती.

परतीच्या वाटेवर आमच्यात वाद झाला. एका मित्राच्या मते असे प्रकार सरळ बंद करावेत. दुसऱ्याचे म्हणणे, परंपरेला हात लावू नये. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत. केरळमधील परवूर येथील पुट्टिंगल मंदिरात 10 एप्रिल 2016 रोजी पहाटे आतषबाजीच्या वेळी दारूसाठ्याचा स्फोट होऊन शंभरावर माणसे दगावली. त्या प्रयोगास जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. कागदावरच्या बंदीने धोका टळत नाही. उलट काम चोरून आणि घाईने होते. दुसरीकडे, डोळेझाक करणे म्हणजे पुढील अपघाताची वाट पाहणे होय.

आपल्याकडे स्फोटकांचा कायदा 1884 पासून आहे, 2008 चे नियमही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांना मनाई केली आणि लोकांनी ठरावीक जागी एकत्र येऊन आतषबाजी करावी, या दिशेने विचार करण्यास शासनाला सांगितले. तेव्हा कायद्याची वाण नाही. वाण आहे ती कायदा आणि गाव यांच्यामधल्या व्यवस्थेची. वस्तीबाहेर, एकमेकींपासून सुरक्षित अंतरावर बांधलेल्या सामायिक शेड, दारू हाताळणाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण आणि त्या प्रत्येकाचा अपघात विमा, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी बरेच साधेल.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा? आकाशाला कुंपण घालता येत नसले, तरी वाहनतळाला घालता येते. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रत्येक वाहनामागे माफक शुल्क घ्यावे आणि ते केवळ विमा व सुरक्षिततेसाठी राखून ठेवावे. शेडचा भांडवली खर्च जिल्हा परिषदेने उचलावा. देवाच्या दारी तिकीट लावल्याचा आक्षेप यावर कोणी घेईल. परंतु हे देवदर्शनाचे मोल नसून, आपल्या आनंदासाठी दुसऱ्याने पत्करलेल्या धोक्यातला आपला वाटा आहे. आम्ही चौघे त्या रात्री तो न देताच परतलो. तो मागणारी व्यवस्था उभी करणे हे शासनाचे आणि गावाचे काम आहे, आणि मागितल्यावर कुरकुर न करता देणे हे आपले.