मुंबई-लंडन ७,२०० किमी. मग विमानाला १० तास का लागतात? समजून घ्या गणित

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किमी वेगाने उडते. भागाकार केला तर उत्तर येते ८ तास. पण तिकिटावर जाताना बहुतेक साडेनऊ-दहा तास आणि येताना ९ तासांच्या आसपास वेळ दिसतो. हा फरक कुठून येतो?

अंतर नेमके कसे मोजतात?

पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर जी रेषा मिळते तेच सर्वात कमी अंतर. ॲपवर दिसणारा आकडा हाच असतो. मुंबई-लंडनची ही रेषा कराचीजवळून, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते.

मग विमान त्याच रेषेवरून का जात नाही?

कारण आकाशालाही सीमा आहेत. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांसाठी बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. जून २०२५ मधील संघर्षात इराणचेही आकाश बंद झाले होते. प्रत्येक वळशात इंधन आणि वेळ जातो. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण आणि उतरणे हेही धरलेले असते.

येताना कमी वेळ का?

१०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी २०० किमीच्याही पुढे जातो. जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीवर असतो.

घड्याळाचा घोळ

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. समजा, जानेवारीत मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोहोचलात, तर घड्याळ साडेचार तास दाखवेल, प्रवास मात्र १० तासांचा झालेला असेल.

तिकीट काढताना काय पाहाल?

किलोमीटर नव्हे, एकूण प्रवासाचा वेळ पाहा. पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान लांबले, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला सांभाळून घेण्याचे बंधन सहसा नसते.

कंपन्यांचीही जबाबदारी आहे. मार्ग बदलून प्रवास तासाभराने लांबणार असेल, तर ते प्रवाशाला विमानतळावर नव्हे, पैसे भरण्याआधी कळायला हवे. मुलांकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आई-वडिलांसाठी तो एक तास म्हणजे औषधाची, जेवणाची आणि पुढच्या विमानाची वेळ असते. नकाशावरचे अंतर बदलत नाही. आकाशातला रस्ता मात्र बदलतो. तो बदल तिकिटावर दिसलाच पाहिजे.