गुरखाची ओढ नुसती हौस नव्हे
पनवेलजवळ कळंबोलीला द्रुतगती मार्ग लागतो आणि तिथे फोर्स गुरखा ही रांगडी गाडी कुठल्याही आरामशीर एसयूव्हीपुढे फिकी पडते. आवाज मोठा, वळणावर अंग झुकते. तरीही तिचे चाहते दुसरीकडे वळत नाहीत. ही नुसती मिरवण्याची हौस आहे, असे म्हणणे मला पटत नाही. पावसाळ्यात प्रबळगडाच्या पायथ्याकडच्या कच्च्या वाटेवर एक चाक चिखलात रुतले, की साध्या गाडीची ताकद त्याच गरगरणाऱ्या चाकात वाया जाते. गुरखाचा डिफरन्शियल लॉक लावला, की एका अ‍ॅक्सलवरची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि पकड असलेले चाक गाडी बाहेर काढते. तो कधी लावायचा, हे चालक ठरवतो. निष्ठेचे मूळ या सहभागात आहे.

या निष्ठेला दुसरा आधार दुरुस्तीच्या सोयीचा आहे. महिंद्राने 1947 मध्ये विलिस जीपची जोडणी सुरू केली. तिथपासून मारुती जिप्सीपर्यंत अशा रांगड्या गाड्या गावातल्या मेकॅनिकला उलगडत गेल्या. कमी बिघडणारी गाडीच चांगली, हा आक्षेप रोज मुंबईला ये-जा करणाऱ्यापुरता रास्त आहे. आडरानात मात्र बिघडलेली गाडी तिथल्या तिथे दुरुस्त होते का, हे आधी पाहावे लागते. सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर. जुन्या जीपमध्ये एअरबॅग नाहीत आणि प्रेमाने ती उणीव भरून निघत नाही. पण महिंद्राच्या 2020 च्या थारने ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत चार तारे मिळवले; म्हणजे रांगडेपणासाठी सुरक्षितता सोडावी लागत नाही. सुरक्षा वाढवा, पण यंत्रणा गावात दुरुस्त होईल अशीच ठेवा, ही मागणी चाहत्यांनीच लावून धरावी.