पाइलवरचा आकडा कोणत्या मातीतून आला?

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे विकासक आणि सल्लागार अभियंते यांस,



खाडीकाठच्या भरणीवर उभी असलेली आमची चार मजली इमारत आपण पाडली. तिथे आता बावीस मजले चढणार आहेत. घरे रिकामी करण्याआधी, विशेष सर्वसाधारण सभेत आपण सर्वांसमोर शब्द दिला होता, की पायाचे काम सुरू होण्याआधी माती परीक्षणाचा संपूर्ण अहवाल सोसायटीच्या हाती पडेल. आज पाइलची रिग जागेवर उभी आहे. अहवाल कुठे आहे?

प्रत्येक पाइल किती टन भार पेलेल, हे आपल्या नकाशात छापले आहे. पाइल अंगाला लागलेल्या मातीच्या घर्षणावर आणि बुडाखालच्या थराच्या टेकूवर भार पेलतो, म्हणून प्रत्येक थर तपासल्याशिवाय हा आकडा निघत नाही. त्यासाठी जमिनीत बोअर घ्यायचे, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा, नळी शेवटचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे, खडक लागला की त्याचे गाभे काढून तपासायचे. हे आपणांस मी सांगायला नको. मग बोअर फक्त रस्त्याच्या बाजूला आणि तेही दोनच का? खाडीच्या बाजूला चिखल खोल आहे, हे इथले जुने रहिवासीही जाणतात. तिथे एकही बोअर का नाही?

भरणीच्या वजनाने खालची चिकणमाती दबत गेली, की ती पाइलला आधार देण्याऐवजी खाली ओढू लागते. हा ओढा आपण हिशेबात धरला आहे का? धरला असेल, तर तो हिशेब दाखवण्यात अडचण कोणती?

हिशेबातला भार प्रत्यक्ष ताडून पाहण्यासाठीच आयएस २९११ या भारतीय मानकात लोड टेस्ट आहे. वेगळा चाचणी-पाइल घालून त्यावर अंदाजित सुरक्षित भाराच्या अडीचपट भार ठेवायचा. ही चाचणी आधी होईल, असे आपण लेखी कळवले होते. आता आपला कंत्राटदार म्हणतो, वेळ नाही; कामातल्याच एखाद्या पाइलवर पुढे दीडपट भार ठेवून बघू. तेव्हा पाइल नापास झाला, तर तोवर ओतलेल्या बाकीच्या पाइलचे काय करणार?

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिलेनियम टॉवरचे प्रकरण आपल्या वाचनात असेलच. २००९ मध्ये पूर्ण झालेली ही ५८ मजली इमारत सुमारे ४० सेंटिमीटर खचल्याचे २०१६ मध्ये लोकांना कळले. तिचे पाइल दाट वाळूत थांबले होते आणि त्याखालची चिकणमाती दबत गेली. शेवटी दुरुस्तीसाठी खडकापर्यंत नवे पाइल न्यावे लागले.

आमची मागणी साधी आहे. बोअर लॉगसह पूर्ण अहवाल द्या, खाडीच्या बाजूला बोअर घ्या आणि चाचणी-पाइलची लोड टेस्ट सोसायटीच्या प्रतिनिधींसमोर करा. तोपर्यंत एकाही पाइलमध्ये काँक्रीट ओतू नका.

आपला,
सोसायटीचा एक सभासद