जंतांची गोळी पुरेशी का नाही?

फेब्रुवारी २०१५ मध्ये देशात राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा उपक्रम सुरू झाला. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद असो की मुंबईतील महापालिकेची शाळा, १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी द्यावी, हे त्याचे सूत्र. गोळी स्वस्त आणि सुरक्षित आहे. पण ती पोटातील जंत घालवते. नव्या जंतांना अटकाव करीत नाही. म्हणूनच दरवर्षी तीच मोहीम पुन्हा राबवावी लागते.

या मर्यादेमुळेच संशोधकांचे लक्ष जंतांच्या पचनसंस्थेकडे वळले. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरते. वाट काढण्यासाठी ती प्रथिने कापणारी विकरे, म्हणजेच प्रोटिएझ, स्रवते. रक्तावाटे फुप्फुसात, तेथून घशात आणि गिळली गेल्यावर लहान आतड्यात ती पोहोचते. तेथे अस्तराला चिकटलेला एक पूर्ण वाढलेला कृमी, जातीनुसार, दिवसाला सुमारे ०.०३ ते ०.३ मिलिलिटर रक्ताचा ऱ्हास घडवतो. शेकडो कृमी असतील तर कुपोषित बालकाला किंवा गर्भवतीला ही हानी परवडणारी नसते.

प्यायलेले रक्त पचवण्याचे कामही विकरेच करतात. हिमोग्लोबिनवर पहिला घाव अस्पार्टिक गटातील विकर घालते, सिस्टीन गटातील विकरे त्याचे आणखी तुकडे करतात आणि धातूच्या अणूवर चालणारी विकरे उरलेले काम उरकतात. ही साखळी तुटली की रक्त पिऊनही कृमी उपाशी राहतो.

लसीची कल्पना यातूनच आली. टोचलेल्या लसीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ते रक्त पिणाऱ्या कृमीच्या पोटात ती जातात आणि तेथील विकर निकामी करतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरील प्रयोगात अशा लसीने कृमींची संख्या आणि रक्तक्षय दोन्ही घटले. या विकराचा आणखी एक फायदा आहे. अळीच्या एका प्रथिनावर आधारलेल्या लसीची ब्राझीलमधील चाचणी अंगावर पित्त उठू लागल्याने थांबवावी लागली होती. पूर्वीच्या संसर्गामुळे तेथील लोकांची शरीरे त्या प्रथिनाला आधीच संवेदनशील झाली होती. कृमीच्या पोटातील विकराशी शरीराचा एरवी फारसा संबंध येत नसल्याने हा धोका कमी मानला जातो.

ही वाट चालण्याजोगी आहे, हे मेंढ्यांनी दाखवून दिले. त्यांच्या जठरात रक्त पिणाऱ्या हिमाँकस कृमीच्या आतड्यातील प्रथिनांपासून बनवलेली लस २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात बाजारात आली. त्या प्रथिनांत विकरेच प्रमुख आहेत. मात्र ती अजूनही प्रत्यक्ष कृमींपासूनच मिळवावी लागते आणि ठरावीक अंतराने पुन्हा टोचावी लागते. प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रथिनांना तेवढे यश आलेले नाही. माणसांसाठीच्या लसीपुढील अडचणीची कल्पना यावरून यावी.

पशुपालनाने एक इशाराही दिला आहे. अल्बेंडाझोल ज्या गटातील औषध आहे, त्या गटाच्या वारंवार वापरामुळे शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत औषधाला न जुमानण्याची क्षमता आल्याचे भारतासह अनेक देशांत आढळले आहे. माणसांतील अंकुशकृमींत ती अद्याप सर्वदूर दिसलेली नाही. पण एकाच गोळीवर पिढ्यानपिढ्या विसंबणे शहाणपणाचे नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षांखालील बालकांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयग्रस्त आढळली. याचे सारे खापर जंतांवर फोडता येणार नाही. लोहाची कमतरता हे मोठे कारण आहेच. तरीही अळी ज्या मातीत वाढते ती विष्ठामुक्त ठेवणे, शौचालये बांधून न थांबता ती वापरात आणणे आणि पायात चपला असणे, हे उपाय लसीची वाट न पाहता करता येतात. लस येईल तेव्हा येईल. तोवर गोळीच्या जोडीला एवढे तरी व्हायला हवे.